खेळण्यातला प्राचीन समुद्र

नवरात्रात छत्रपती संभाजीनगरच्या कर्णपुऱ्याच्या यात्रेत, किंवा एरवी गुलमंडीवरच्या एखाद्या दुकानात, ‘डायनोसॉर’ म्हणून प्लॅस्टिकच्या प्राण्यांची जी पिशवी मिळते ती शिक्षकांनी एकदा विकत घ्यावी आणि टेबलावर ओतून पाहावी. दोन पायांवर उभा असलेला मांसाहारी, लांब मानेचा शाकाहारी, तीन शिंगांचा, पाठीवर तक्त्यांची रांग असलेला, असे ओळखीचे प्राणी तर निघतातच. पण बऱ्याच पिशव्यांत पायांऐवजी वल्हे असलेला एखादा प्राणीही असतो. त्याची मान लांब आणि डोके लहान असेल तर तो प्लेसिओसॉर. डॉल्फिनसारखा दिसत असेल, पण तोंडभर दात असतील, तर इक्थिओसॉर. मगरीचा जबडा आणि लांबलचक शेपूट असेल तर मोसासॉर.

हे तिघेही डायनोसॉर नव्हेत. जमिनीवर राहणाऱ्या सरीसृपांच्या वेगवेगळ्या शाखा वेगवेगळ्या काळी पुन्हा समुद्रात गेल्या, त्यांतल्या या तीन. मोसासॉर तर सरडे, घोरपडी आणि साप यांच्या गोतावळ्यातला. तिघेही फुप्फुसांनी श्वास घेत, म्हणजे हवेसाठी त्यांना पृष्ठभागावर यावेच लागे. पिशवीवर ‘डायनोसॉर’ असे छापले की विकायला सोपे जाते, इतकाच त्या नावाचा अर्थ.

तरीही ही खेळणी मला फेकून देण्यासारखी वाटत नाहीत. जीवाश्म म्हणून आपल्या हाती येतात ती बहुधा हाडे आणि दात. कातडी, पर, रंग, डोळ्याची बाहुली, अंगावरचे मांस, यांचा पुरावा क्वचितच मिळतो. शास्त्रज्ञाला निबंधात ‘याबद्दल माहिती नाही’ असे लिहून पुढे जाता येते. खेळणे बनवणाऱ्याला ती सोय नाही. त्याला प्राणी पुरा करावा लागतो. शेपूट कशी, पाठ कशी, मान कुठे वळलेली, हे सगळे ठरवून मगच साचा कापावा लागतो. म्हणून प्रत्येक खेळण्यात त्या त्या वेळचे ज्ञान, त्या वेळचा अंदाज आणि बऱ्याचदा त्या वेळची चूक घट्ट बसलेली असते. ती कुठून आली हे शोधत गेले की पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उलगडतो.

प्रथम आपल्या पायाखालच्या खडकाविषयी थोडे. संभाजीनगरच्या परिसरात या प्राण्यांची हाडे सापडत नाहीत आणि सापडण्याची आशाही नाही. वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या पाषाणात कोरले आहे तो थंड झालेला लाव्हा आहे, आणि तापलेल्या लाव्ह्यात सांगाडे टिकत नाहीत. पण काळाचा योगायोग विलक्षण आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास झाले. शेवटचे प्लेसिओसॉर आणि शेवटचे मोसासॉर संपले तेही तेव्हाच. (इक्थिओसॉर त्याआधीच, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, नाहीसे झाले होते.) आज मेक्सिकोत असलेल्या भागात मोठी उल्का आदळली तीही त्याच सुमारास. विनाशात उल्केचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर अजून वाद चालतो. बहुतेकांचा कल उल्केकडे आहे. कसेही असले तरी वेरूळ-अजिंठ्याचा दगड आणि मोसासॉरचा शेवट एकाच काळातले आहेत, हे सहलीला गेलेल्या मुलांना लेण्याच्या भिंतीवर हात ठेवायला लावून सांगता येते. समुद्राच्या खुणाच पाहायच्या असतील तर उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यात जावे लागते. धार जिल्ह्यातले बाघ गाव अजिंठ्याच्या वळणाच्या भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच परिसरातल्या खडकांत लाव्ह्याच्या आधीच्या समुद्राचे शिंपले आणि समुद्री साळिंदरे सापडतात. एके काळी समुद्राची एक जीभ तिथवर आत आली होती.

आता खेळण्यांच्या मूळपुरुषाकडे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचे गाव आहे. तिथल्या एका गरीब सुताराची मुले कड्यांतून पडणारे जीवाश्म गोळा करून प्रवाशांना विकत. १८११ साली जोसेफ ॲनिंगला एक मोठी कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी त्याची बारा-तेरा वर्षांची बहीण मेरी हिने त्याच प्राण्याचे उरलेले शरीर शोधून काढले. विद्वानांचे लक्ष वेधून घेणारा हा पहिला इक्थिओसॉर. १८२३ साली मेरीलाच प्लेसिओसॉरचा पहिला पुरा सांगाडा मिळाला. कासवाच्या अंगात साप ओवावा तसा तो प्राणी पाहून पॅरिसच्या क्युविएला प्रथम संशय आला की ही मान जोडून लावलेली असावी. लंडनच्या भूशास्त्र संस्थेत चर्चा झाली आणि सांगाडा खरा ठरला. चर्चा करणाऱ्यांत मेरी नव्हती. स्त्रियांना त्या संस्थेचे सभासदत्वच नव्हते.

मेरीच्या हातात पैसा कधीच फारसा आला नाही. तिच्या मदतीसाठी हेन्री द ला बेश या भूशास्त्रज्ञाने १८३० साली एक चित्र काढले आणि त्याच्या छापील प्रती विकल्या. चित्रात प्राचीन समुद्र प्राण्यांनी नुसता गजबजलेला आहे आणि जो तो दुसऱ्याला खातो आहे. मध्यभागी एका इक्थिओसॉरने प्लेसिओसॉरची मान पकडली आहे. पुराजीवांची हालती-बोलती दुनिया कागदावर उतरवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. पुस्तकांतली, पडद्यावरची आणि खेळण्यांच्या खोक्यांवरची पुढची असंख्य चित्रे त्याचीच वंशज म्हणता येतील.

कागदावरून हे प्राणी घडीव रूपात आले ते १८५४ मध्ये. लंडनजवळ सिडनहॅमला स्फटिकमहाल पुन्हा उभारला गेला, तेव्हा त्याच्या बागेत तळ्याकाठी बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने विटा, लोखंड आणि सिमेंटचे पूर्णाकृती प्राणी उभे केले. सल्लागार होते रिचर्ड ओवेन, म्हणजे ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी घडवला तेच. ही शिल्पे आजही तिथे आहेत. त्यांत तीन इक्थिओसॉर, तीन प्लेसिओसॉर आणि एक मोसासॉर आहे. मोसासॉरचा फक्त पुढचा भाग पाण्याबाहेर दिसतो आणि मागचा भाग घडवलेलाच नाही. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या खाणीतून त्याचा जबडा आणि कवटी ठाऊक झाली होती, बाकीचे शरीर कसे होते याची खात्री नव्हती. अंगाबद्दल माहिती नाही तर ते पाण्याखाली झाकावे, ही युक्ती मला फार आवडते. नंतरच्या फार थोड्या प्रतिकृतिकारांनी इतका प्रामाणिकपणा दाखवला.

हॉकिन्सने याच प्राण्यांच्या लहान प्रतिकृतीही केल्या. त्या लंडनमध्ये खनिजविक्रेता जेम्स टेनंट विकत असे आणि पुढे अमेरिकेत रॉचेस्टरच्या हेन्री वॉर्ड यांच्या संस्थेमार्फत त्या कॉलेजांत आणि संग्रहालयांत पोहोचल्या. टेबलावर ठेवण्याजोगा, विकत घेता येणारा, संच म्हणून जमवता येणारा प्राचीन समुद्री प्राणी इथे जन्माला आला, आणि तो खेळणे म्हणून नव्हे तर शिकवण्याचे साधन म्हणून. १८५४ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये हॉकिन्सने वाचलेल्या निबंधाचा विषयच भूशास्त्रातले दृश्य शिक्षण हा होता. फळ्यावर नाव लिहून भागत नाही, वस्तू डोळ्यांपुढे हवी, असे त्याचे म्हणणे. शिक्षकांना हे नवे वाटणार नाही.

हॉकिन्सचे इक्थिओसॉर पाहिले तर आज हसू येते. पाठीवर उभा पर नाही, डोळ्याभोवती हाडांच्या पाकळ्या उघड्या दिसतात आणि प्राणी काठावर पहुडलेले आहेत. पण प्रत्येक गोष्टीला कारण होते. बुबुळाभोवती हाडांची कडी खरोखरच सापडते. ती जिवंतपणी डोळ्याच्या आत होती, एवढेच. पाठीच्या परात हाड नसते, म्हणून तो सांगाड्यात दिसणे शक्य नव्हते. शेपटीच्या बाबतीत तर ओवेनचे कौतुकच करायला हवे. अनेक सांगाड्यांत शेपटीचा मणका ठरावीक जागी खाली वाकलेला दिसे. ओवेनने तर्क केला की तिथे उभा पर असला पाहिजे आणि मृत्यूनंतर त्याच्या ओझ्याने मणका मोडला असावा. पर होता हे बरोबर निघाले, मोडण्याचे चुकीचे. १८९२ च्या सुमारास जर्मनीतल्या होल्झमाडेन येथील काळ्या पाटीच्या दगडात बर्नहार्ड हाउफने असे सांगाडे साफ केले की भोवती कातडीची काळी छाया शिल्लक होती. तीत पाठीवरचा त्रिकोणी पर स्पष्ट होता आणि चंद्रकोरीसारख्या शेपटीच्या खालच्या फाळीत मणके जन्मतःच वळून गेलेले होते. एका दगडी छायेने सगळी जुनी चित्रे मोडीत काढली.

या शेपटीवरून बाजारातल्या खेळण्याची परीक्षा करता येते. इक्थिओसॉरची शेपूट माशासारखी उभी हवी. काही स्वस्त खेळण्यांत ती डॉल्फिनसारखी आडवी असते. सरीसृपांचा कणा डावी-उजवीकडे वळतो, म्हणून त्यांची शेपूट उभी. डॉल्फिन हा सस्तन प्राणी. धावताना कुत्र्याचा कणा जसा वर-खाली वाकतो तसा त्याचा वाकतो, म्हणून शेपूट आडवी. बनवणाऱ्याने इक्थिओसॉर ऐकला आणि डॉल्फिन पाहिला, असे म्हणून पुढे जाऊ.

प्लेसिओसॉरची मान अधिक लांबचे प्रकरण आहे. १८२४ साली विल्यम कोनीबेअरने या प्राण्याचे वर्णन करताना सुचवले की तो पृष्ठभागाजवळ पोहत असेल आणि मान हंसासारखी मागे वाकवून माशांवर झडप घालत असेल. कल्पना सुंदर होती आणि ती टिकली. आजही पिशवीतला प्लेसिओसॉर बहुधा हंसाची मान घेऊनच येतो. मण्यांच्या सांध्यांचा अभ्यास मात्र वेगळे सांगतो. मान काही प्रमाणात वाके, पण इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळून पाण्याबाहेर उंच उभी राहणे तिला शक्य नव्हते. शिवाय इतकी जड मान वर उचलली तर मागचे धड पाण्यात तरंगत असताना पुढचा भागच खाली जाईल. लांब मानेचा कळस म्हणजे एलास्मोसॉरस, ज्याच्या मानेत ७० हून अधिक मणके होते. (आपल्या मानेत ७, आणि जिराफाच्याही ७ च.) अमेरिकेतल्या कॅन्ससमधून आलेल्या या सांगाड्याचे १८६८ साली वर्णन करताना एडवर्ड कोपने शेपूट ही मान समजून डोके शेपटीच्या टोकाला बसवले. १८७० मध्ये जोसेफ लायडीने चूक दाखवली, तेव्हा कोपने छापलेल्या प्रती परत गोळा करण्याचा खटाटोप केला. काही प्रती त्याच्या हाती लागल्या नाहीत, म्हणून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली.

समुद्री प्राण्याचे खेळणे बनवणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. डायनोसॉर पायांवर उभा राहतो. पोहणारा प्राणी टेबलावर उभा कसा करायचा? सोपा मार्ग म्हणजे पोट सपाट करायचे आणि चारही वल्हे खाली टेकवायचे. मग तो प्राणी वाळूवर आलेल्या कासवासारखा दिसू लागतो, आणि मूल समजते की तो किनाऱ्यावर येऊन अंडी घालत असणार. टेबलाच्या सोयीसाठी केलेली बैठक प्राण्याच्या सवयीबद्दल खोटी साक्ष देते. प्रत्यक्षात हे प्राणी पिल्लांना जन्म देत. पोटात पिल्ले असलेले इक्थिओसॉरचे सांगाडे होल्झमाडेनहून बरेच मिळाले आहेत. प्लेसिओसॉरबद्दल पुरावा उशिरा आला. कॅन्ससमध्ये १९८७ साली सापडलेल्या पॉलिकॉटिलसच्या पोटात एकच मोठे पिल्लू होते, आणि त्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या कंपन्या आता पारदर्शक दांडीवर प्राणी तरंगता ठेवतात. दांडी हरवली की पुन्हा कासव.

आता मोसासॉरच्या झालरीची गोष्ट सांगतो. या सगळ्या इतिहासात ती मला सर्वांत बोधक वाटते.

कॅन्सस विद्यापीठाचे सॅम्युएल विलिस्टन हे मोसासॉरांचे मोठे अभ्यासक. १८९८ साली त्यांनी एका नमुन्यात मानेजवळ ओळीने पडलेले कूर्चेचे तुकडे पाहिले आणि मान-पाठीवर मऊ झालर असावी असा निष्कर्ष काढला. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी चार्ल्स नाइट या चित्रकाराने टायलोसॉरसचे चित्र काढले आणि त्यात ही झालर डोक्यामागून शेपटीपर्यंत दिमाखात रंगवली. १९०२ मध्ये विलिस्टननी स्वतःच लिहिले की ती झालर नव्हे, त्या श्वासनलिकेच्या कड्या आहेत. आपल्या गळ्यावर बोट फिरवले तर हाताला लागतात तशाच. विज्ञानाच्या दृष्टीने प्रकरण चार वर्षांत मिटले.

चित्राच्या दृष्टीने मिटले नाही. नाइटचे चित्र लोकप्रिय झाले, पुस्तकांत छापले गेले, त्यावरून दुसरी चित्रे झाली आणि त्यांवरून खेळणी. विसावे शतक संपेपर्यंत पाठीवर झालर मिरवणारे मोसासॉर बनत होते. विलिस्टनची दुरुस्ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहिली आणि चूक लहान मुलांच्या हातात.

याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. प्लॅस्टिकचे खेळणे पोलादी साच्यात वितळलेला माल दाबून बनवतात. साचा महाग, माल स्वस्त. एकदा साचा कापला की तो झिजेपर्यंत त्यातून नग काढत राहणे परवडते, आणि शेपटीचे नवे संशोधन आले म्हणून कोणी तो मोडीत काढत नाही. दुसरे कारण नक्कल. छोटा कारखानदार जीवाश्म पाहायला जात नाही. तो दुसऱ्याचे खेळणे समोर ठेवून साचा करतो. मग मूळची चूक तर येतेच, शिवाय नकलेत तपशील बुजतात आणि नव्या चुका पडतात. वल्ह्याला नखे फुटतात, दात पुसले जातात.

पोथ्यांचे असेच होत असे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तीनशे वर्षांच्या नकलांत पाठ बिघडत गेले होते. पोथ्यांचे अभ्यासक एक युक्ती वापरतात: दोन प्रतींत एकच विचित्र चूक असेल तर त्या दोन्ही एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असल्या पाहिजेत. बरोबर मजकूर कुठेही सारखाच असणार, त्यावरून नाते कळत नाही. नाते सांगते ती सामायिक चूक. जीवशास्त्रातही प्राण्यांच्या वंशावळी याच तर्काने मांडतात. सर्वांत असलेली जुनी लक्षणे उपयोगाची नसतात, काहींतच आलेली नवी लक्षणे उपयोगाची असतात. वर्गात हे करून पाहता येते. मुलांना घरून जुने-नवे प्लॅस्टिकचे प्राणी आणायला सांगावे, एकाच जातीचे दहा-बारा नग टेबलावर मांडावे आणि मानेचे वळण, वल्ह्यांवरची नखे, पाठीवरची झालर, पोटावरचा ठसा, साच्याची शिवण कुठून गेली आहे, याचा तक्ता करावा. कोणते खेळणे कोणाची नक्कल, याची वंशावळ मुले अर्ध्या तासात मांडतील. उत्क्रांतीचा धडा शिकवण्याआधी हा उद्योग केला तर पुढचे फार समजावावे लागत नाही.

बाजाराने सगळे बिघडवलेच असे नाही. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने १९७० च्या दशकात इन्व्हिक्टा या इंग्रज कंपनीकडून प्लॅस्टिकच्या प्रतिकृती करून घेतल्या. एकरंगी, साध्या, बहुतेक एकाच प्रमाणातल्या, आणि त्यांत समुद्री सरीसृपही होते. १९८८ साली अमेरिकेत सफारी कंपनीने पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या देखरेखीखाली रंगीत संच सुरू केला. तो २०१५ पर्यंत चालला. आपल्याकडे लाट आली ती १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आल्यावर. त्या लाटेबरोबर आलेल्या मालावर कुठल्या संग्रहालयाची देखरेख नव्हती हे सांगायला नको.

जपानची कथा निराळी. ओसाकाजवळ १९६४ मध्ये लहानसे दुकान म्हणून सुरू झालेल्या कायोदो कंपनीने १९९९ पासून चॉकलेटच्या अंड्यात घालायच्या बोटाएवढ्या प्राणिमूर्ती केल्या. शिनोबू मात्सुमुरा या शिल्पकाराच्या त्या मूर्ती इतक्या अचूक होत्या की मोठी माणसे चॉकलेट बाजूला ठेवून संच जमवू लागली. पुढे त्याच धर्तीवर डायनोसॉर आणि प्राचीन समुद्रातले प्राणीही आले. आत काय निघेल ते आधी कळू न देणे ही विक्रीची जुनीच क्लृप्ती, आणि ती फारशी सज्जन नाही. पण मूर्तीबरोबर माहितीची चिठ्ठी देण्याची पद्धत चांगली होती. जपानी मुलांना समुद्री सरीसृपांचे वेड का, याला आणखी एक कारण आहे. १९६८ साली फुकुशिमातल्या इवाकी येथे तादाशी सुझुकी या शाळकरी विद्यार्थ्याला नदीकाठी प्लेसिओसॉरची हाडे सापडली. १९८० च्या ‘डोरेमॉन’ चित्रपटात नोबिता ज्या पिल्लाला वाढवतो ते याच प्राण्याचे. डोरेमॉन आपल्या मुलांनाही पाठ आहे, पण तो प्राणी एका विद्यार्थ्याने शोधला हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. शास्त्रीय नाव, फुटाबासॉरस सुझुकी, मिळायला २००६ साल उजाडले. सिनेमा शास्त्रीय नावापेक्षा २६ वर्षे आधी आला.

पडद्याचा प्रभाव उलटही पडतो. १९९९ मध्ये बीबीसीच्या एका मालिकेत लिओप्लेउरोडॉन हा आखूड मानेचा प्लेसिओसॉर २५ मीटर लांब आणि १५० टन वजनाचा दाखवला. हाडांवरून त्याची लांबी साधारण ६ ते ७ मीटर निघते. मालिकेचा आकडा पुस्तकांत आणि खेळण्यांच्या चिठ्ठ्यांवर जाऊन बसला. ‘ज्युरासिक वर्ल्ड’ने २०१५ मध्ये मोसासॉरच्या पाठीवर मगरीसारखे उंचवटे दिले. जीवाश्मांतली त्याची कातडी मात्र बारीक खवल्यांची, सापासारखी आहे. जुनी झालर गेली आणि तिच्या जागी नवी आली.

खऱ्या मोसासॉरची शेपूट कशी होती याचा छडा दरम्यान लागला होता. कॅन्ससमधून मिळालेला प्लाटेकार्पसचा एक नमुना लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात होता. स्वीडनचे योहान लिंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला: शेपटीचे टोक खाली वळलेले, म्हणजे वर मांसल फाळी असली पाहिजे. २०१३ मध्ये जॉर्डनमधल्या नमुन्यात त्या फाळीची कडाच दिसली. सापासारखी सरळ शेपूट घेऊन नागमोडी पोहणारा मोसासॉर इतिहासजमा झाला. रंगाचेही आता केवळ मनाने ठरवावे लागत नाही. २०१४ मध्ये लिंडग्रेन यांच्या गटाला मोसासॉर आणि इक्थिओसॉर यांच्या कातडीच्या अवशेषांत गडद रंगद्रव्य सापडले. २०१८ मध्ये होल्झमाडेनच्या एका इक्थिओसॉरमध्ये कातडीखालची चरबी आणि वर गडद, खाली फिका अशी रंगाची वाटणी दिसली. आजच्या कित्येक माशांचे असेच असते: वरून पाहणाऱ्याला अंधार दिसतो, खालून पाहणाऱ्याला उजेड.

या सगळ्यात आपला प्राणी कुठे आहे? १८७९ साली रिचर्ड लिडेकरने तमिळनाडूतल्या त्रिचनापल्ली भागात मिळालेल्या मणक्यांवरून ‘इक्थिओसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. नुसत्या मणक्यांवरून खेळणे होत नाही. पण २०१७ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक जी. व्ही. आर. प्रसाद आणि त्यांच्या भारतीय व जर्मन सहकाऱ्यांनी कच्छमध्ये भूजजवळच्या लोडाई गावाजवळून बहुतेक संपूर्ण इक्थिओसॉरचा सांगाडा मिळाल्याचे जाहीर केले. लांबी सुमारे साडेपाच मीटर, वय सुमारे १५ कोटी वर्षे. भारतातला ज्युरासिक काळातला हा पहिला इक्थिओसॉर. त्याचे दात झिजलेले आहेत, म्हणजे तो कठीण कवचाचे खाद्य फोडून खात असावा. मी पाहिलेल्या पिशव्यांत हा प्राणी अजून मिळालेला नाही.

पोळ्याला मातीचे बैल आणि दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या आपल्या मुलांना त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शाडू आणि एक तार पुरे. १ः४० या प्रमाणात साडेपाच मीटर म्हणजे पावणेचौदा सेंटिमीटर. तोंड लांब आणि अरुंद, डोळा मोठा (त्याच्या कुळाचे नावच डोळ्यावरून आहे), पुढचे वल्हे मागच्यांपेक्षा मोठे, पाठीवर त्रिकोणी पर, शेपूट उभी आणि चंद्रकोरीसारखी. वर गडद रंग, पोटाला फिका. तारेवर तरंगता ठेवावा. त्याच प्रमाणात साडेतीन-चार सेंटिमीटरचे मूल शेजारी उभे केले की आकार डोळ्यांत भरतो. मूर्तीखालच्या चिठ्ठीवर दोन रकाने करावेत: हाडांवरून कळलेले, आणि आपण ठरवलेले. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा होतो, आणि मुलांचे वाद तिथेच रंगतात.

शेवटी अशा एका प्राचीन समुद्री प्राण्याविषयी, जो मराठी घरांत प्लॅस्टिकच्या कितीतरी आधी येऊन बसला आहे. देवघरातला शाळिग्राम नेपाळातल्या गंडकी नदीच्या पात्रातून येतो. काळ्या गोट्याच्या आत जे चक्र दिसते ते ॲमोनाइट या प्राण्याच्या कवचाचे. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे असलेल्या समुद्रातला तो रहिवासी. हे चक्र वज्रकीट नावाचा किडा कोरतो, असे परंपरा सांगते. घर किड्याने कोरले नाही, पण ते एका प्राण्याचे घर होते खरे. ॲमोनाइटही मोसासॉरांबरोबरच संपले.

ॲमोनाइटची खेळणी अलीकडे मिळू लागली आहेत. कवच छान असते, कारण कवचे दगडात लाखांनी सापडतात. कवचातून बाहेर आलेल्या भुजा मात्र जो तो आपल्या मनाने देतो. आजच्या नॉटिलसचे कवच तसेच दिसते आणि त्याला नव्वदच्या आसपास भुजा असतात. ॲमोनाइटचे जवळचे नाते मात्र माकुळ आणि ऑक्टोपसशी आहे, आणि माकुळाला दहा. २०२१ मध्ये जर्मनीतून एका अभ्यासात कवचाबाहेर पडलेले ॲमोनाइटचे शरीर प्रसिद्ध झाले, कातळावर उमटलेले. त्यात जबडा होता, अन्ननलिका होती, भुजा नव्हत्या. साचा कापणाऱ्याला थांबता येत नाही. बहुतेक जण दहा धरतात.